खो दिल्याशिवाय उठायचे नाही

चंदीगडच्या धावपट्टीकडे दोन रस्ते जातात. एक मोहालीकडचा, रुंद आणि दिव्यांनी उजळलेला. त्याच्या शेवटी काचेचे टर्मिनल आहे, ११ सप्टेंबर २०१५ ला उद्घाटन झालेले. दुसरा रस्ता हवाई दलाच्या तळाचा. तिथे फाटकावर ओळखपत्र दाखवल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. दोन्ही रस्ते ज्या पट्टीपाशी थांबतात ती एकच आहे आणि ती हवाई दलाची आहे. मुंबईहून आलेल्या प्रवासी विमानाला उतरण्याची परवानगी देणारा माणूसही हवाई दलाचाच असतो. १९८७ ते १९९० आणि पुन्हा १९९५ ते १९९८ अशा दोन खेपांना पाळीपाळीने त्या खुर्चीत बसणाऱ्यांपैकी मी एक होतो.

निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. झिरकपूरच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले की हवाई दलाचे एएन-३२ मालवाहू विमान उठल्याचा आवाज येतो. लेहची विमाने भल्या सकाळी निघतात, कारण दुपारी तिथल्या दऱ्यांत वारा चढतो. बायको म्हणते, "तुमचं घड्याळ अजून त्यांच्यावरच लावलेलं आहे." खरे आहे ते.

मला लिहायचे आहे ते टेलिफोनबद्दल. नियंत्रक म्हणजे मनोऱ्याच्या खिडकीत बसून वैमानिकाशी बोलणारा माणूस, असे लोकांना वाटते. पण त्याचे निम्मे बोलणे दुसऱ्या नियंत्रकाशी असते. दिल्लीच्या आकाशातून एखादे विमान आमच्याकडे यायचे असले की आधी दिल्लीचा फोन येई. विमानाचे नाव, त्याचा प्रकार, उंची, अमुक बिंदूवर अमुक वाजता. याला आम्ही 'एस्टिमेट' म्हणत असू. मी ते कागदाच्या अरुंद पट्टीवर, म्हणजे 'स्ट्रिप'वर, उतरवायचे आणि जे उतरवले ते दिल्लीला परत वाचून दाखवायचे. हे 'रीडबॅक'. ठरलेल्या जागी दिल्ली वैमानिकाला सांगणार की आता चंदीगडशी बोला. तो माझ्याशी बोलला, मी त्याला ओळखले, की विमान माझे झाले.

आमच्या शाळेत खो-खोचे वेड होते. गुरुजी सांगत, नुसता पाठीला हात लागला तर उठायचे नाही, नुसता 'खो' ऐकू आला तरी उठायचे नाही. हात आणि शब्द दोन्ही एकदम आले पाहिजेत. पुढे बेगमपेटला प्रशिक्षणात इंग्रजीतून जाड जाड नियम शिकवले, तेव्हा मला हाच नियम त्यांत दिसला. फोन झाला आणि वैमानिक आला नाही, किंवा वैमानिक आला आणि फोनच झाला नव्हता, तर खेळ फाऊल आहे. मैदानात नुसता फाऊल धरला जातो. इथे शंभर माणसे असतात.

या देवघेवीचे पहिले दर्शन मला नागपुरात झाले. वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर जमत, थैल्या आणि प्रवासी आपापसांत बदलून घेत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत जात. देशाच्या नकाशावर नागपूर मधोमध असल्याचा असा उपयोग कोणाला तरी सुचला, याचे मला आजही कौतुक वाटते. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे नेले होते. अंधारात एकेक दिवा आकाशातून खाली येत होता. एक विमान उशिरा आले, तर बाकीची तिन्ही थांबून राहिली. शेडमध्ये लांब टेबलावर थैल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होत्या आणि प्रत्येक थैलीमागे सही पडत होती. वडील म्हणाले, "थैली विमानात कधी हरवत नाही. हरवली तर या टेबलावरच हरवते, देणारा आणि घेणारा यांच्या मधे." ते टपालाबद्दल बोलत होते. मला ते तीस वर्षे नोकरीत उपयोगी पडले.

चंदीगड शहराचे वय जेमतेम दहा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर १९६२ मध्ये इथूनच एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे पोटात घेऊन चुशूलला उतरवले. चुशूल चौदा हजार फुटांच्याही वर आहे. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, मिग-२१ ची पहिली स्क्वाड्रन, अठ्ठावीस क्रमांकाची, चंदीगडला उभी राहिली. लडाखमधल्या फौजेचे पीठ, रॉकेल, बूट, औषधे आणि रजेवर जाणारे-येणारे जवान यांची ने-आण हे या तळाचे रोजचे काम झाले. १९८४ मध्ये सियाचेनची मोहीम सुरू झाली तेव्हा ते आणखी वाढले.

या वाटेवरची सर्वांत मोठी जखम ७ फेब्रुवारी १९६८ ची. बीएल-५३४ क्रमांकाचे एएन-१२ चंदीगडहून लेहला निघाले. आत १०२ माणसे होती. लेहजवळ हवामान बिघडले, वैमानिकाने माघारी फिरायचे ठरवले आणि रोहतांगच्या परिसरानंतर विमानाचा आवाज पुन्हा आला नाही. मी त्या वेळी नागपुरात शाळेत होतो. पण नोकरीत आल्यावर त्या वाटेची अडचण मला चांगलीच समजली. रेडिओचा आवाज सरळ रेषेत जातो. मधे पीर पंजाल आणि झांस्करच्या रांगा आल्या की खालच्याला वरचा ऐकू येत नाही. दोन टोकांना दोन नियंत्रक बसलेले आणि विमान त्या दोघांनाही ऐकू न येणाऱ्या खोऱ्यात. अशा वेळी एकाला वाटू शकते की ते दुसऱ्याच्या हातात पोहोचले असेल. म्हणून नियम केला आहे. ठरल्या वेळेनंतर तीस मिनिटे विमानाची खबर नसली की 'अनिश्चितता' जाहीर करायची, मग 'सावधान', मग 'संकट'. आमच्या सांकेतिक भाषेत इन्सर्फा, अलर्फा, डिट्रेस्फा. तीस मिनिटे घड्याळाकडे बघत बसणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. बीएल-५३४ चे अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना लाहौलच्या बर्फात सापडले. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले, छप्पन्न वर्षांनी.

दिल्ली आणि लेह या दोन टोकांची ही झाली लांबची देवघेव. जवळची त्याहून किचकट आहे. चंदीगडची धावपट्टी आणि अंबाल्याची धावपट्टी यांच्यात सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटरचे अंतर आहे. जेट विमानाला ते कापायला चार मिनिटे पुरतात. दोन्हीकडे हवाई दलाची विमाने, दोन्हीकडे स्वतंत्र मनोरे, पलीकडे सरसावा, अलीकडे पतियाळा आणि पिंजोरचे फ्लाइंग क्लब. खाली जमिनीवर पंजाब, हरियाणा आणि केंद्रशासित प्रदेश अशा तीन हद्दी. वर त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या वेगळ्याच हद्दी. विदर्भातल्या माणसाला धुऱ्यावरचे भांडण काय ते सांगावे लागत नाही. वावरात नांगर चुकून एक तास पलीकडे गेला की दोन पिढ्या कोर्टात जातात. आकाशातला धुरा तर दिसतही नाही. तो फक्त नकाशावर असतो आणि दोन माणसांच्या कराराच्या कागदावर.

त्यात एडीसी क्रमांकाची भर. म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी. आमच्या भागात उडणाऱ्या विमानाकडे हा क्रमांक नसला तर रडारवरच्या माणसाला ते अनोळखी दिसते. क्रमांक एका कार्यालयातून सुटतो, तो नागरी बाजूला कळवायचा, तिथून वैमानिकाला. मधल्या कोणत्याही टेबलावर तो अडकला की विमान धावपट्टीच्या टोकाशी इंजिने चालू ठेवून उभे राहते. आतल्या प्रवाशाला वाटते की वैमानिक दिरंगाई करतो आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहितो. तळाचे नाव लिहीत नाही. चंदीगडच्या आधीची गोष्ट आहे. हिवाळ्याची रात्र, टेलिफोनच्या तारेत भयंकर खरखर. शेजारच्या केंद्रावरून एका मालवाहू विमानाचे एस्टिमेट आले. उंची सांगितली 'नाइन'. मी ऐकले 'फाइव्ह' आणि पट्टीवर पाच लिहिले. या दोन आकड्यांचा घोळ जगभर होतो, म्हणूनच नियमात नऊला 'नायनर' आणि पाचला 'फाइफ' म्हणायला सांगितले आहे. पण रोजच्या ओळखीच्या माणसाशी बोलताना माणूस साधेच बोलतो. त्याने साधे सांगितले आणि मी त्याहून मोठा अपराध केला: परत वाचून न दाखवता 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवला. दहा मिनिटांनी आमच्याकडून निघालेल्या विमानाला मी नऊ हजार फुटांची परवानगी द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात शेजारी बसलेला कॉर्पोरल हलक्या आवाजात म्हणाला, "सर जी, उन्होंने नाइन बोला था।" तो दुसऱ्या हेडसेटवरून ऐकत होता. मी फोन उचलला, विचारले. नऊच होते. काही घडले नाही, कोणाला काही कळले नाही. त्या रात्री घरी आल्यावर मी जेवलो नाही. त्या कॉर्पोरलने आपल्यापेक्षा किती तरी वरच्या हुद्द्याच्या माणसाला टोकायचे धाडस केले. तो गप्प बसला असता तर त्याला कोणी दोषही दिला नसता.

१२ नोव्हेंबर १९९६ ला मी चंदीगडला होतो, पण ड्युटीवर नव्हतो. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला दिल्लीच्या पश्चिमेला, चरखी दादरीच्या वर, सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग-७४७ आणि कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन-७६ ही विमाने एकमेकांवर आदळली. सौदी विमान दिल्लीहून धहरानला चालले होते, कझाक विमान चिमकेंतहून दिल्लीला येत होते. दोन्हींतली सगळी माणसे गेली, एकूण ३४९. हवेतल्या टकरींमध्ये जगात यापेक्षा अधिक बळी कधीच गेलेले नाहीत. इल्युशिन-७६ आमच्या रोजच्या डोळ्यांसमोरचे विमान. लेहचा माल तेच उचलत असे. रात्री मेसमध्ये बातमी आली तेव्हा बोलायला कोणाकडे शब्द नव्हते.

दिल्लीच्या नियंत्रकाने आपले काम नीट केले होते. खाली येणाऱ्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते, वर चढणाऱ्याला १४,००० वर. समोरून दुसरे विमान येत आहे हेही कझाक वैमानिकांना कळवले होते. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. ऐकणारा एक, करणारा दुसरा. म्हणजे एका विमानाच्या आतही देवघेव होती आणि ती तुटली.

पण मला त्या अहवालातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. त्या काळी दिल्लीला येणारी आणि तिथून पश्चिमेला जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून ये-जा करत. अंतर फक्त उंचीचे, हजार फुटांचे. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे दुसरा पट्टा नव्हता. शिवाय दिल्लीचे रडार विमान कुठे आहे ते दाखवत असे, किती उंचीवर आहे ते दाखवत नसे. उंची सांगणारे नवे रडार बसवायचे काम सुरू होते. नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच अवलंबून राहावे लागले. हे लिहिताना मला जड जाते, कारण राखीव आकाशाच्या पलीकडच्या बाजूला माझ्यासारखी माणसे बसत होती. आम्ही नियमाबाहेर काही केले नव्हते. जे आकाश आम्हाला दिवसाचे काही तासच लागत होते ते चोवीस तास कुलूप लावून ठेवायची तेव्हाची पद्धत होती. ते कुलूप तासापुरते उघडून शेजाऱ्याला किल्ली द्यायची, असा विचार त्या संध्याकाळपूर्वी कोणी जोर लावून मांडला नाही. माझ्या मते ती आपली सर्वांची चूक होती. अपघातानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे टीकॅस यंत्र भारतात सक्तीचे झाले. कझाक विमान झज्जरच्या बाजूला बिरोहरच्या शिवारात पडले होते. दोन वर्षांनी रेवाडीला जाताना मी मुद्दाम त्या बाजूने गेलो. मोहरी फुलली होती.

परदेशांत सारे सुरळीत असते, असा आपला समज असतो. १० सप्टेंबर १९७६ ला युगोस्लाव्हियात झाग्रेबवर दोन विमानांची टक्कर झाली आणि १७६ माणसे मेली. एकाच खोलीत बसणाऱ्या मधल्या आणि वरच्या स्तराच्या नियंत्रकांमधली सोपवणी नीट झाली नव्हती. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेनवर रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान आदळून ७१ जण गेले. त्यांत शाळेची मुले होती. आकाशाचा तो तुकडा जर्मनीचा, पण त्यावर नियंत्रण झुरिकचे होते. झुरिकला त्या रात्री एकच माणूस दोन टेबले सांभाळत होता. मुख्य टेलिफोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली, पर्यायी लाइन नादुरुस्त. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या नियंत्रकाला दोन मिनिटे आधी पडद्यावर टक्कर दिसली होती. तो झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. फोन लागला नाही. दुसऱ्याच्या विमानाशी थेट बोलायची त्याला मुभा नव्हती. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो तेव्हा हा अहवाल वाचला. समोर दिसते आहे आणि फोन लागत नाही, हे माझ्या स्वप्नात बरीच वर्षे येत असे.

आता पुन्हा चंदीगडला येऊ. टर्मिनल २०१५ मध्ये उघडले आणि नावात 'आंतरराष्ट्रीय' लागले, पण परदेशी पहिले उड्डाण व्हायला १५ सप्टेंबर २०१६ उजाडले. तेही मोहालीच्या उद्योजकांनी हायकोर्टात धाव घेतल्यानंतर. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत विमानतळ प्राधिकरणाचे ५१ टक्के, पंजाब आणि हरियाणाचे साडेचोवीस साडेचोवीस टक्के. धावपट्टी हवाई दलाची. सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणी केंद्राची. नावावरून दोन राज्यांत जे ताणले गेले ते शहीद भगतसिंग हे नाव ठरून २०२२ मध्ये मिटले. धावपट्टी लांबवायचे आणि मजबूत करायचे काम निघाले, तेव्हा २०१८ मध्ये कितीतरी दिवस विमानतळ बंद ठेवावा लागला. पुणेकरांना हे नवे नाही. लोहगावही हवाई दलाचे, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस तेही धावपट्टीच्या कामासाठी बंद होते. गोव्यात दाबोळीला मालक नौदल. सकाळच्या लष्करी सरावाच्या वेळा वाचवून प्रवासी विमाने बसवावी लागतात. लोक चिडतात. मी त्यांना एवढेच सांगतो की या धावपट्ट्या आधी कशासाठी बांधल्या गेल्या ते आठवा, आणि सरकारला सांगतो की पुण्यासारख्या शहराला स्वतःची धावपट्टी देण्यात आणखी वर्षे घालवू नका.

वरचे कुलूप मात्र हळूहळू सैल होते आहे. १६ मे २०२० ला अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की देशाचे ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळेपणाने मिळते आणि निर्बंध कमी केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. आकाश गरजेनुसार वाटून घ्यायचे, काम झाले की परत करायचे, ही ती पद्धत. कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की रोज कितीतरी जास्त वेळा किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाणार. देवघेवी वाढणार. तेवढी माणसे, तेवढ्या लाइन आणि दोन्ही बाजूंना एकच चित्र दाखवणारे पडदे दिले तरच ते करावे.

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटवर भारताने केलेल्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमाने आली, श्रीनगर, जम्मू, लेह, अमृतसर, चंदीगड असे उत्तरेचे विमानतळ काही तास बंद झाले. त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरजवळ बडगाममध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. चौकशीत निघाले की ते आमच्याच क्षेपणास्त्राने पडले. मित्र की शत्रू हे सांगणारे यंत्र बंद होते आणि जमिनीवरची माणसे व हेलिकॉप्टर यांच्यातल्या संवादात, समन्वयात त्रुटी राहिल्या होत्या. हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये ती मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. मला या कबुलीचा अभिमान वाटला. गेलेल्यांत स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ या चंदीगडचे आणि स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे आपल्या नाशिकचे. मी जन्माने तुमच्याकडचा आणि राहायला इथला. त्या आठवड्यात दोन्ही शहरांच्या अंत्ययात्रा टीव्हीवर पाहिल्या.

आणि २१ मे २०२५. दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटच्या आसपास गारांच्या वादळासमोर आले. आत दोनशेहून अधिक माणसे. वैमानिकांनी हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे डावीकडे, सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मागितली. मिळाली नाही. लाहोरकडे त्यांच्या आकाशात शिरायची मागितली. तीही मिळाली नाही, कारण महिन्याभरापूर्वीच पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले होते आणि मधे लढाईचे चार दिवस होऊन गेले होते. विमान वादळातून गेले, एका क्षणी मिनिटाला ८,५०० फूट वेगाने खाली येत होते. नाक फुटले, पण श्रीनगरला सुखरूप उतरले. नॉर्दर्न कंट्रोलच्या माणसांनी नंतर दिशा आणि वेग सांगत त्याला वाट दाखवली. खुर्चीत बसलेल्या कोणालाही मी दोष देणार नाही. सीमा तणावात असताना तिच्याकडे वळायची परवानगी एकटा नियंत्रक देऊ शकत नाही. पण हवामान हद्द पाहून येत नाही. वादळात सापडलेल्या प्रवासी विमानाला किती किलोमीटरपर्यंत, कोणाच्या तोंडी शब्दावर वळता येईल, हे दोन्ही देशांनी शांततेच्या दिवसांत लिहून ठेवायला हवे. १९९१ मध्ये लष्करी विमानांनी सीमेपासून किती दूर राहायचे याचा करार या दोन देशांनी केलाच होता. तेव्हा जमले ते आता अशक्य नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ ला चंदीगडच्याच तळावर निरोप दिला गेला. जिथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तिथेच, बासष्ट वर्षांनी. समारंभाला जुने वैमानिक आले होते, त्यांच्या कथा वर्तमानपत्रांत छापून आल्या. छापून आल्याच पाहिजेत. त्यांना आणणारे, नेणारे, धुक्यात उतरवणारे आवाज मात्र कोणत्या फोटोत नव्हते. आमच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण किमान तीस दिवस ठेवायचे असा नियम आहे. त्यानंतर टेप पुसून पुन्हा वापरतात. स्ट्रिपही तशाच रद्दीत जातात. अपघात झाला तरच टेप बाजूला काढली जाते. म्हणून आमच्या धंद्याचा जो इतिहास उरतो तो फक्त चौकशी अहवालांत उरतो, चुकलेल्या एका देवघेवीचा. नीट झालेल्या लाखो देवघेवी तीस दिवसांत नाहीशा होतात. त्या कॉर्पोरलचे वाक्यही असेच पुसले गेले. ते मला आठवते म्हणून आज तुम्ही वाचले.

सोनेगाव, लोहगाव, ओझर, सांताक्रूझ, दाबोळी इथल्या मनोऱ्यांत आणि रडार कक्षांत हेडसेट लावून बसलेली बरीच मराठी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना माझी विनंती आहे. फोनवर पलीकडे कोण होते, काय बोलणे झाले, काय चुकता चुकता राहिले, ते वहीत लिहून काढा. तुमच्या घरात अशी कोणी व्यक्ती असेल तर येत्या रविवारी तिच्याशेजारी बसा आणि विचारा.